कागद काढायचा राहून गेला : एका अपुऱ्या क्विल्टचा इतिहास

१/ अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या वस्त्रसंग्रहात घडी घालून जपलेले एक अपुरे क्विल्ट आहे. कापड १८३०च्या दशकातले. सुलट बाजूला छापील सुती कापडाचे षटकोनी तुकडे एकमेकांना जोडलेले दिसतात. उलट बाजू वर केली, की तुकड्यांच्या पाठीशी कच्च्या दोऱ्याने अडकवलेले जुन्या कागदाचे षटकोन दिसू लागतात. त्या कागदांवर १७९८, १८०८ आणि १८१३ ही साले आहेत. 'साखर', 'रम', 'पिंपे', 'वेस्ट इंडीज' हे इंग्रजी शब्द तेथे पुन्हा पुन्हा येतात.

२/ वास्तविक हे कागद तेथे उरायला नको होते. क्विल्ट पुरे होताना ते काढून टाकायचे असतात. ते राहिले, कारण काम तडीस गेले नाही. कागदावर कापड बेतून शिवण्याची ही रीत इतकी जिकिरीची का होती, तिच्यातली कामे अर्ध्यावर का अडत, आणि अर्ध्यावर अडलेल्या अशा एका कामातून गुलामगिरीच्या इतिहासाचे कोणते पान उलगडले, त्याचा हा धागा.

३/ मराठी वाचकाला क्विल्ट म्हटले की प्रथम गोधडी किंवा वाकळ आठवते. दोन्ही वस्तू जुन्या कापडाच्या आणि बायकांच्या हातच्या असल्या, तरी त्यांची शिवण्याची रीत भिन्न आहे. गोधडीत जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक अंथरतात आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालत जातात. तुकडा जरा वाकडा बसला तरी धावदोरा त्याला सांभाळून घेतो. येथे ज्या रीतीचा विचार करायचा आहे, तिच्यात ही सवलत नाही.

४/ तिला 'इंग्लिश पेपर पीसिंग' म्हणतात. प्रथम कागदाचे एकसारखे आकार कापायचे, षटकोनी वा शंकरपाळ्यासारखे. मग कापडाचा तुकडा चहूबाजूंनी पाव इंच माया सोडून बेतायचा. ती माया कागदाच्या कडेवरून मागे दुमडून कच्च्या टाक्यांनी पक्की बसवायची. असे दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून समोरासमोर धरायचे आणि काठाला काठ बारीक टाक्यांनी जोडायचे. सुई कापडाच्या घडीतून गेली पाहिजे, कागदातून जाता कामा नये.

५/ कागदाचे काम एवढेच, की कापड ताणू न देणे आणि कोन न बिघडू देणे. कापड लवचीक असते, विशेषतः तिरक्या विणीवर कापले तर हातातल्या हातात लांबते. कागद लांबत नाही. एखाद्या तुकड्याच्या सगळ्या कडांना शेजारी जोडले गेले, की त्याचा आकार शेजारीच धरून ठेवतात. मग कच्चा दोरा उसवून कागद बाहेर काढता येतो.

६/ वाचताना सोपी वाटणारी ही कृती हातात घेतली की अडचणी सुरू होतात. पहिली अडचण भूमितीची. नियमित षटकोनाचा प्रत्येक कोन १२० अंशांचा असतो आणि एका बिंदूत तीन षटकोन भेटले की ३६० अंश पुरे होतात. म्हणूनच मधमाशीच्या पोळ्याप्रमाणे हा आकार फट न ठेवता जमीन भरून काढतो. पण हे गणित कागद अचूक कापला असेल तरच जमते. प्रत्येक तुकड्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक एकाच दिशेने होत गेली, तर दहाव्या तुकड्याशी ती पाच मिलिमीटर होते. तेव्हा क्विल्ट सपाट बसत नाही, मध्येच फुगते किंवा वाटीसारखे खोल होते.

७/ त्यात एक सापळा दडलेला असतो. मूळ साच्यावरून पहिला कागद कापला, पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, असे करत गेले तर प्रत्येक नक्कल कात्रीच्या जाडीइतकी मोठी किंवा लहान होत जाते. ही चूक कापताना डोळ्यांना दिसत नाही. शेकडो तुकडे शिवून झाल्यावर, दोन मोठे भाग जोडायला घेतले की ती उघड होते. तोवर उसवण्यापलीकडे उपाय उरलेला नसतो.

८/ दुसरी अडचण सुईची. टाका जरा खोल गेला की तो कागदालाही पकडतो. शिवताना ते कळत नाही, कागद काढताना कळते. ओढावे तर शिवण उसवते, न ओढावे तर कागद निघत नाही. टाका उथळ घेतला तर कापडाची घडी सुटते आणि सुलट बाजूला दोऱ्याचे दात दिसतात. रेशीम असेल तर ते सुईखालून सरकते आणि मायेचे धागे सुटू लागतात. शंकरपाळ्याच्या आकारात टोकाशी इतकी माया गोळा होते की ती मागे वळवायला जागाच राहत नाही.

९/ तिसरी अडचण संख्येची. एक इंच बाजूच्या षटकोनाचे क्षेत्रफळ सुमारे २.६ चौरस इंच भरते. ९० इंच लांब आणि तितक्याच रुंद क्विल्टला असे तीन हजारांहून अधिक षटकोन लागतात. प्रत्येक कड दोन तुकड्यांत वाटलेली असल्याने जोडण्याच्या कडा नऊ हजारांहून अधिक होतात. इंचाला सोळा टाके धरले तर केवळ जोडणीचे टाके दीड लाखाच्या घरात जातात. कापणे, दुमडणे, कच्चे टाके घालणे आणि ते उसवणे हे त्याखेरीज.

१०/ चौथी अडचण कापड संपण्याची. हे सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या घरातले. ३१ मे १८११ रोजी चॉटनहून बहीण कॅसँड्राला लिहिलेल्या पत्रात तिने पॅचवर्कसाठी तुकडे जमवण्याची आठवण केली आहे आणि त्यांच्याअभावी काम थांबल्याचे कळवले आहे. त्याच वर्षी तिची पहिली कादंबरी छापून आली. चॉटनच्या त्या घरात, आजच्या संग्रहालयात, शंकरपाळ्यांच्या आकाराचे एक पॅचवर्क जपलेले आहे. जेन, कॅसँड्रा आणि त्यांची आई यांचे ते काम असल्याचे परंपरेने मानले जाते.

११/ कापडाच्या या टंचाईमागे भारताशी निगडित असलेला एक जुना अध्याय आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरोमंडल किनाऱ्यावरची छीट इंग्लंडमध्ये इतकी लोकप्रिय झाली, की तेथील लोकर आणि रेशीम विणणारे हवालदिल झाले. १७०० साली आणि पुन्हा १७२१ साली संसदेने रंगीत, छापील सुती कापडाविरुद्ध कायदे केले. दुसऱ्या कायद्याने अशा कापडाच्या विक्रीबरोबर वापरावरही बंधन आले आणि ते १७७४ पर्यंत टिकले. उत्तर इंग्लंडमधील लेव्हन्स हॉल येथील सुमारे १७०८ सालचे प्रसिद्ध पॅचवर्क अशाच भारतीय छिटेचे आहे. ज्या कापडाची इतकी चणचण, त्याचा कपटाही कोणी टाकत नसे.

१२/ कापडाइतकाच कागदही मोलाचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेत कागद मुख्यतः चिंध्यांच्या लगद्यापासून बने. ब्रिटनमध्ये १७१२ पासून १८६१ पर्यंत कागदावर करही होता. त्यामुळे क्विल्टसाठी कोरा कागद कापणे ही उधळपट्टी ठरे. जुनी पत्रे, हिशेबाच्या वह्या, मुलांच्या कित्त्यांची पाने, वर्तमानपत्रे असे वापरून झालेले कागद त्या कामी येत. झिजलेल्या कापडाचा कागद होई आणि तो कागद पुन्हा कापडाच्या आत जाई.

१३/ ही रीत किती जुनी, ते ब्रिटनमधील क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहातील एका रेशमी आच्छादनावरून कळते. त्यावर 'ई. एच.' ही आद्याक्षरे आणि १७१८ हे साल आहे. हे साल असलेले पॅचवर्क ब्रिटनमधील ज्ञात पॅचवर्कमध्ये सर्वांत जुन्यांपैकी मानले जाते आणि त्याचे कागद अजून आतच आहेत. ई. एच. म्हणजे कोण, त्याचा उलगडा मात्र आद्याक्षरांपलीकडे होत नाही. तीनशे वर्षांनंतर नाव पुसट झाले, काम राहिले.

१४/ ही रीत अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोचली. जानेवारी १८३५ मध्ये फिलाडेल्फियाच्या 'गोडीज लेडीज बुक' या स्त्रियांच्या मासिकाने षटकोनी पॅचवर्कचा नमुना छापला, तेव्हा सुस्थितीतील घरांतून ते काम परिचयाचे झालेले होते. त्याला लागणारी मुख्य गोष्ट म्हणजे फावला वेळ. दीड लाख टाके घालायला वेळ कोणाकडे होता, आणि तो वेळ मोकळा करून देण्यासाठी चूल, पाणी, धुणे आणि मुले कोण सांभाळत होते, हे प्रश्न येथूनच निघतात.

१५/ आता पुन्हा ऱ्होड आयलंडमधल्या त्या घडीकडे. लेखिका रेचल मे विद्यापीठाच्या संग्रहातील वस्तूंचा अभ्यास करत असताना हे क्विल्ट त्यांच्यासमोर आले. त्यावरील त्यांचे 'ॲन अमेरिकन क्विल्ट' हे पुस्तक २०१८ साली प्रसिद्ध झाले. क्विल्ट सुझन क्राउच हिच्याकडचे. सुझन मूळची उत्तरेकडील प्रॉव्हिडन्सची. दक्षिणेतील चार्ल्स्टनचा डॉक्टर हॅसेल क्राउच याच्याशी विवाह करून ती तिकडे गेली. एका गुलामगिरीवर जगणाऱ्या शहरात तिचा संसार मांडला गेला.

१६/ कागद वाचणे हीच एक जिकीर होती. एकच पत्र कात्रीने अनेक षटकोनांत वाटले गेलेले असते. वाक्याचा आरंभ एका तुकड्यावर, शेवट कोठल्या तरी लांबच्या तुकड्यावर, आणि मधला भाग कदाचित कधीच वापरला न गेलेला. प्रत्येक षटकोनाच्या कडेचा पाव इंच मजकूर दुमडलेल्या मायेखाली झाकलेला. कागदाची दुसरी बाजू कापडाला चिकटून. ती वाचायची तर शिवण उसवावी लागेल, आणि शिवण उसवली तर जी वस्तू समजून घ्यायची तीच मोडेल.

१७/ तरीही जे दिसते ते बोलके आहे. 'साखर' या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग चुकलेले आहे. 'मैत्री', 'दयाळूपणा', 'शासन', 'प्रसंग' या अर्थाचे शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेले आहेत, कित्ता गिरवताना लिहावेत तसे. एका कागदावर दयाळूपणा, शेजारच्यावर रमची पिंपे. लिहिणाऱ्यांना हे दोन शब्द एकाच क्विल्टच्या पाठीवर येतील अशी कल्पना असण्याचे कारण नव्हते.

१८/ ही पिंपे कोणती, ते ऱ्होड आयलंडच्या इतिहासात आहे. वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर गुलामांच्या श्रमातून साखर आणि काकवी निघे. काकवी ऱ्होड आयलंडच्या भट्ट्यांत येई आणि तिची रम होई. रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई, तिच्या बदल्यात माणसे विकत घेतली जात आणि ती पुन्हा मळ्यांकडे नेली जात. अठराव्या शतकाच्या आरंभापासून १८०७ पर्यंत या छोट्याशा प्रांतातून गुलामांच्या व्यापारासाठी नऊशेहून अधिक सफरी झाल्या. त्यांतून एक लाखाहून अधिक आफ्रिकी माणसे नेली गेली.

१९/ १ जानेवारी १८०८ पासून अमेरिकेत गुलामांची आयात कायद्याने बंद झाली, तरी उत्तरेचा गुलामगिरीशी असलेला संबंध तुटला नाही. त्याने वस्तू बदलली. १७९० मध्ये ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे सॅम्युएल स्लेटरने पाण्यावर चालणारी सूतगिरणी यशस्वी केली होती. पुढे दक्षिणेत गुलामांनी वेचलेला कापूस उत्तरेच्या गिरण्यांत येऊ लागला. ऱ्होड आयलंडच्या गिरण्या 'निग्रो क्लॉथ' नावाचे स्वस्त, खरखरीत कापड विणून दक्षिणेतील मळेवाल्यांना विकत. ते गुलामांच्या अंगावर चढे.

२०/ 'गुलामगिरी दक्षिणेची, स्वातंत्र्य उत्तरेचे' ही पुढे रूढ झालेली विभागणी या क्विल्टपुढे टिकत नाही. त्याच्या पाठीच्या कागदांवर वेस्ट इंडीजचा व्यापार आहे. त्याची धनीण प्रॉव्हिडन्सची, घर चार्ल्स्टनचे. दोन प्रदेश जसे व्यापारात शिवलेले होते, तसेच ते या घराण्यातही शिवलेले होते.

२१/ या घरात मिनर्व्हा, एलायझा, जेन आणि जूबा या स्त्रिया गुलाम होत्या. क्विल्टच्या पाठपुराव्यातून मे यांनी त्यांचा माग काढला. त्यांच्या हातची पत्रे संग्रहात नाहीत. दक्षिण कॅरोलिनात गुलामांना लिहायला शिकवणे १७४० पासूनच कायद्याने दंडनीय होते. त्यामुळे त्यांच्याविषयी जे मिळते ते त्यांना मालमत्ता समजणाऱ्यांच्या लेखणीतून, ओघात आलेल्या उल्लेखांतून. तुकड्यांवरून आकृती जोडण्याचे काम तेथेही चुकत नाही.

२२/ येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. कागदावरचे साल हे क्विल्टचे साल नव्हे. या क्विल्टमध्ये जुन्यात जुना कागद १७९८चा आणि कापड १८३०च्या दशकातले, म्हणजे तीस वर्षांहून अधिक अंतर. कागदावरून फार तर इतकेच म्हणता येते, की क्विल्ट सर्वांत अलीकडच्या कागदाहून जुने नाही. जुनी रद्दी घरात किती काळ पडून राहील, याला नियम नाही. कापडाची छपाई, रंग आणि घराण्याची पत्रे यांचा मेळ बसला, तरच निष्कर्षाला आधार मिळतो.

२३/ हे क्विल्ट पुरे झाले असते तर काय झाले असते, ते सहज सांगता येते. कच्चा दोरा उसवला गेला असता. कागद निघून चुलीत गेले असते. मागे अस्तर लागून ते कोणाच्या तरी पांघरुणाच्या कामी आले असते, वर्षानुवर्षे धुतले गेले असते, विरून फाटले असते. पुरी झालेली बहुतेक क्विल्टे अशीच संपली. आज संग्रहालयांत कागदांसह जी दिसतात, त्यांत अपुऱ्या कामांचा वाटा म्हणूनच मोठा आहे.

२४/ आजही ही रीत जिवंत आहे. षटकोनी कागद आता यंत्राने कापून पाकिटात विकत मिळतात. जुन्या साच्यांवरून कापत जाण्याची चूक त्यामुळे टळली. 'पेपर पीसिंग' याच नावाने आणखी एक प्रकार प्रचलित आहे. त्यात छापील कागदावरच कापड ठेवून यंत्राने रेषेवरून शिवतात आणि शेवटी कागद फाडून काढतात. तेथे नमुना आरशातल्यासारखा उलटा शिवावा लागतो. तुकडा रेषेपर्यंत पुरला नाही हे तो शिवून उलटल्यावरच कळते, आणि उसवणे पुन्हा वाट्याला येते.

२५/ फरक एवढा, की आजचे कागद कोरे असतात. ते आत राहिले तरी पुढच्या कोणाला काही सांगणार नाहीत. जुन्या क्विल्टच्या कागदांवर कोणाचे तरी हिशेब, कोणाचा तरी कित्ता, कोणाची तरी पत्रे होती. ती जपावीत असे कोणी ठरवलेले नव्हते. ती बिनमोलाची ठरली होती, म्हणूनच कात्रीखाली गेली.

२६/ अभिलेखागारात जे येते ते बहुधा कोणाला तरी जपावेसे वाटलेले असते : राजपत्रे, खरेदीखते, प्रतिष्ठितांचा पत्रव्यवहार. क्राउच घराण्याच्या क्विल्टमधील कागद त्या वाटेने आले नाहीत. कंटाळा, कापडाचा तुटवडा, आजारपण, स्थलांतर, मृत्यू, यांपैकी कशाने तरी सुई थांबली आणि घडी पेटीत गेली. ऱ्होड आयलंडच्या संग्रहात ती आजही तशीच आहे, कच्चा दोरा जागच्या जागी, आणि साखरेचे चुकलेले स्पेलिंग कापडाच्या पाठीवर.

(धागा समाप्त)